अग्गञ्ञसुत्त आणि डार्विन : एका सोयीस्कर समीकरणाची चिकित्सा

पनवेल येथील आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर पालि भाषेचा वर्ग भरतो. २०२३ सालच्या वर्षावासात या वर्गात दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त वाचावयास घेतले होते. आभस्सर लोकातून च्युत झालेले सत्त्व, पाण्यावर सायीसारखी पसरलेली रसपृथ्वी, बोटाने तिची चव घेणारा पहिला लोभी जीव, असे करीत आम्ही निम्म्यावर आलो तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ उपासक न राहवून म्हणाले, "सर, म्हणजे डार्विनच्या आधी अडीच हजार वर्षे उत्क्रांतिवाद भगवंतांनीच सांगितला होता की!" वर्गात समाधानाचा एक हुंकार उमटला. मागच्या रांगेतील दहावीची एक विद्यार्थिनी मात्र गोंधळली होती. ती म्हणाली, "पण सर, इथे तर सगळे वरून खाली येत चाललेत. आणि उत्क्रांती आम्हाला यंदा नाहीच, पुस्तकातून काढून टाकलीय."

त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे होते. ज्येष्ठांचा उत्साह मोडावयाचा नाही आणि मुलीचा प्रश्नही टाळावयाचा नाही, अशा पेचात सापडलेला शिक्षक गुळमुळीत बोलतो, तसेच झाले. पुढे विचार करता लक्षात आले की, त्या दोन वाक्यांत दडलेला प्रश्न आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडला पाहिजे. डार्विनचा सिद्धांत नाकारणारी मंडळी एका बाजूला आहेत आणि तो सिद्धांत आमच्याच ग्रंथात आधीपासून होता असे म्हणणारे आपण दुसऱ्या बाजूला आहोत. पहिल्यांशी वाद घालण्याचा अधिकार हवा असेल तर दुसऱ्यांची, म्हणजे स्वतःचीच, झडती घेणे प्राप्त आहे.

मुलगी म्हणाली ते खरेच होते. कोविडच्या काळानंतर अभ्यासक्रमाचा भार हलका करावयाचा म्हणून एनसीईआरटीने जी छाटणी केली, तीत दहावीच्या विज्ञानातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' एवढेच उरले. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकाराने अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुल्या पत्राद्वारे याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असा खुलासा करण्यात आला. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याचा काय उपयोग? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे होते. म्हणजे त्या वर्षी पनवेलमध्ये एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या दप्तरात डार्विन होता आणि दुसरीच्या दप्तरात नव्हता.

या छाटणीमागचा हेतू काय होता याविषयी तर्क करण्याची आवश्यकता नाही. पाच वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच, अगदी उघडपणे, जे बोलले गेले ते पुरेसे आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) अखिल भारतीय वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री व मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे आणि तो शाळा-महाविद्यालयांतील अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी ना लिहून ठेवले ना सांगितले; पृथ्वीवर माणूस दिसू लागला तेव्हापासून तो माणूसच होता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी दोन दिवसांत संयुक्त पत्रक काढून उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांविषयी विज्ञानात वाद नाही, असे स्पष्ट केले. त्या वेळचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्याची सूचना केली. प्रकरण तेवढ्यावर शमले.

ज्या शहरात हे बोलले गेले, त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय स्थापन केले आणि त्यास 'मिलिंद' हे नाव मिळाले. हे नाव ज्या मिलिंदपञ्हावरून आले, त्या ग्रंथातच या आक्षेपाचे उत्तर आहे. राजा मिलिंद भदन्त नागसेनांना विचारतो : आपण बुद्धाला पाहिले आहे काय? नाही. आपल्या आचार्यांनी? नाही. मग बुद्ध झालाच नाही. नागसेन उलट विचारतात : महाराज, हिमालयातील ऊहा नदी आपण पाहिली आहे काय? नाही. आपल्या वडिलांनी? नाही. मग ऊहा नदी नाहीच म्हणावयाची काय? राजा निरुत्तर होतो. आजोबांनी पाहिले नाही, हे एखादी गोष्ट घडली नसल्याचे प्रमाण होऊ शकत नाही. कालामांना जी सावधगिरी सांगितली गेली तीत 'अनुस्सव' म्हणजे ऐकीव परंपरा प्रथम येते; परंपरेने सांगितले म्हणून जसे स्वीकारावयाचे नाही, तसेच परंपरेने सांगितले नाही एवढ्यावरून नाकारावयाचेही नाही.

शिवाय माकडाचा माणूस झाला असे डार्विन म्हणत नाही. मानव आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता व साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी या शाखा वेगळ्या होऊ लागल्या, असे आजचे विज्ञान मानते. चिंपांझी, गोरिला यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, माणसाच्या ४६. आणि माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र ही पूर्वजाच्या दोन गुणसूत्रांची एकमेकांस जुळलेली जोडी आहे, याची सांध्याची खूण त्या गुणसूत्रात सापडते. पुरावा पाहण्यासाठी परदेशीही जावयास नको. मध्य प्रदेशात हथनोरा येथे नर्मदेच्या थरात १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला. तो आधुनिक मानवाचा नाही. त्याचे नेमके स्थान कोणते याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे, ती असावयासच हवी.

मंत्रिमहोदयांचा आक्षेप भाबडा होता. त्याचेच सुशिक्षित रूप अमेरिकेत 'इंटेलिजंट डिझाइन' या नावाने वावरते. आपण त्यास बुद्धिमान रचनावाद म्हणू. त्याचा मूळ पुरुष विल्यम पॅले. माळरानावर घड्याळ सापडले तर त्याचा कोणी कर्ता असला पाहिजे असे आपण मानतो, मग डोळ्यासारख्या सूक्ष्म रचनेला कर्ता का नसावा, असा युक्तिवाद त्याने १८०२ साली केला. डार्विनने केंब्रिजला असताना पॅले आवडीने वाचला होता, आणि १८५९ साली त्याच युक्तिवादाचा पाया काढून घेतला. संततीत भेद असतात, ते पुढच्या पिढीत उतरतात, आणि जगू शकतील त्याहून अधिक जीव जन्मतात. या तीन गोष्टी असल्या की काळाच्या ओघात कर्त्याविना रचना घडते. १९९६ साली मायकेल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञाने जुना युक्तिवाद पेशीच्या आत नेला : जीवाणूच्या शेपटीतील एक भाग काढला तरी ती चालत नाही, म्हणून ती एकदमच कोणीतरी रचलेली असली पाहिजे. त्या शेपटीचे बरेचसे घटक अन्य जीवाणूंत निराळ्याच कामास लागलेले आढळतात, हे जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने हा वाद वर्गात आणला तेव्हा पालक न्यायालयात गेले, आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी हा विचार विज्ञान नसून धार्मिक मत आहे, असा निकाल दिला. सुनावणीत उघड झालेली एक गोष्ट मोठी बोलकी आहे. रचनावाद्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत जेथे 'निर्मिती' होती, तेथे १९८७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 'रचना' हा शब्द घालण्यात आला होता.

आपल्या वाचकांना हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. पॅलेचे घड्याळ आपल्याकडे घटाच्या रूपाने हजार वर्षे वाजत होते. घट हे कार्य आहे, त्याला कुंभार आहे. पृथ्वी, पर्वत, शरीरे ही कार्ये आहेत, त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे, असे नैयायिकांचे ईश्वरानुमान. उद्योतकरापासून उदयनाचार्यांपर्यंत ते अधिकाधिक घोटीव होत गेले आणि धर्मकीर्ती, शांतरक्षित, रत्नकीर्ती हे बौद्ध आचार्य त्याचा पिढ्यानपिढ्या समाचार घेत राहिले. धर्मकीर्तीचे उत्तर समजून घेण्यास पनवेलकरांना फार लांब जावयास नको. गोव्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाळा लागतो. किल्ल्याची तटबंदी आणि पाण्याची टाकी पाहून हे मनुष्याने केले, असे आपण म्हणतो. त्याच्याच माथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला सुळका लांबून तटाइतकाच घडीव दिसतो; तो मात्र लाव्हारसाचा खडक झिजून उरलेला आहे. पहिल्या ठिकाणी कर्ता अनुमानता येतो, कारण तशी बांधणी माणसाच्या हातून होताना आपण अन्यत्र पाहिली आहे. दुसऱ्या ठिकाणी नुसत्या आकाराच्या साम्यावरून कर्ता काढणे म्हणजे पांढुरका पदार्थ दिसला की धूर समजून अग्नी अनुमानण्यासारखे आहे. हा पांढुरक्या पदार्थाचा दृष्टांत धर्मकीर्तीचाच. त्याहून मार्मिक दृष्टांत तो वारुळाचा देतो. मातीचा घट कुंभार करतो, वारूळही मातीचेच. मग वारूळही कुंभारानेच केले म्हणावयाचे काय? कर्नाळ्याच्या रानात पायवाटेवर वारुळे दिसतात. आतील दालने, हवा खेळण्याच्या नळ्या पाहिल्या तर एखाद्या स्थापत्यविशारदाने नकाशा काढला असावा असे वाटते. तेथे मुकादम नाही, नकाशा नाही. प्रत्येक वाळवी आपल्यापुरती मातीची गोळी ठेवते.

येथे एक प्रामाणिक नोंद करणे भाग आहे. मिलिंदपञ्हाच्याच उत्तरार्धात नागसेन सुंदर नगर पाहून त्याच्या स्थपतीचे अनुमान करावे तसे धम्मनगर पाहून बुद्धाचे अनुमान करा, असे सांगतात. म्हणजे रचनेवरून कर्त्याचे अनुमान बौद्धांनी सरसकट नाकारलेले नाही. नगराला स्थपती असतो, हे आपण पाहिलेले असते. विश्वाला स्थपती असल्याचे कोणी पाहिलेले नाही, आणि पाहिल्याचा दावा करणाऱ्यांची गंमत निकायांत फार मजेने केलेली आहे.

ब्रह्मजालसुत्तातील कथा घ्या. लोक पुन्हा उलगडू लागतो तेव्हा एक सत्त्व आभस्सरातून च्युत होऊन रिकाम्या ब्रह्मविमानात येते. एकटेपणाने कंटाळते. आणखी कोणी यावे असे त्यास वाटते, आणि नेमकी त्याच वेळी आपापले पुण्य सरल्यामुळे इतर सत्त्वे तेथे येतात. पहिले सत्त्व म्हणते, मीच यांना निर्माण केले, कारण मी इच्छा केली आणि हे आले. नंतर आलेली सत्त्वे म्हणतात, हाच आपला निर्माता, कारण आपण आलो तेव्हा हा आधीच येथे होता. निर्मात्याच्या कल्पनेचा उगम दोन साध्या चुकांत आहे. एक इच्छा करणाऱ्याची, एक उशिरा येणाऱ्यांची. केवट्टसुत्तातील महाब्रह्मा तर अधिकच केविलवाणा आहे. चार महाभूतांचा निःशेष निरोध कोठे होतो, असे एक भिक्षू देवलोकांतून विचारीत वर जातो. महाब्रह्मा आधी आपण निर्माता व स्वामी असल्याची घोषणा पुन्हा पुन्हा करतो, आणि भिक्षू हटत नाही असे पाहून त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो व सांगतो की मला माहीत नाही. इतर देवांसमोर तसे म्हणता येत नाही एवढेच! सर्वज्ञ निर्मात्याची इतकी शांत विटंबना अन्य धर्मग्रंथांत क्वचितच आढळेल.

परंतु भगवंतांचा निर्मात्यावरील खरा आक्षेप विनोदाच्या पलीकडचा आहे. अंगुत्तरनिकायात ईश्वरनिर्माणवाद्यांना ते विचारतात : सुखदुःख ईश्वराने निर्मिले असेल तर हत्या करणारा हत्याही ईश्वरामुळेच करतो, मग काय करावे आणि काय करू नये, याचा विचारच उरत नाही. आणि हा प्रश्न या भूमीत हवेतला नव्हता. अमेरिकेतील रचनावाद्यांना जीवाणूची शेपटी सिद्ध करावयाची होती. आपल्याकडील रचनावादाला वर्ण सिद्ध करावयाचे होते. पुरुषसूक्तातील पुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून, पायांतून चार वर्ण निघतात; रचनाकार एक, रचना उतरंडीची, आणि ती दैवी असल्याने अटळ. जुलै २०१९ मध्ये त्याच सत्यपाल सिंहांनी लोकसभेत आपण ऋषींची संताने असल्याचे सांगितले, तेव्हा खासदार कनिमोळी यांनी आपले पूर्वज ऋषी नव्हते, ते होमो सेपियन्स होते आणि आपले आईवडील शूद्र होते, असे उत्तर दिले. दोन ओळींच्या त्या उत्तरात या देशातील सगळा वाद आला आहे.

महात्मा फुल्यांनी तो १८७३ सालीच ओळखला होता. डार्विनचा मानवाच्या वंशावळीवरील ग्रंथ १८७१ चा, 'गुलामगिरी' त्यानंतर दोन वर्षांनी. ब्राह्मण ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले हे ऐकून जोतीराव विचारतात की मग त्याच्या मुखात गर्भाशय होते काय, त्या चारही जागी त्याला विटाळ येत होता काय. सोवळ्या वाचकांना हे ग्राम्य वाटले. पण अस्सलायनसुत्तात आणि अग्गञ्ञसुत्तात नेमका हाच प्रश्न आहे. ब्राह्मणस्त्रिया ऋतुमती होताना, गरोदर होताना, प्रसवताना, अंगावर पाजताना दिसतात; असे इतरांप्रमाणेच जन्मलेले लोक स्वतःस ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले कसे म्हणवतात? जोतीरावांना पालि येत नव्हती. एकाच जुलमाकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या दोघांना तीच एक गोष्ट दिसली, याहून वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अग्गञ्ञसुत्तात डार्विन आहे काय?

श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुळात जन्मलेले दोन तरुण भिक्षू होण्याच्या वाटेवर आहेत. ज्ञातिबांधव त्यांना शिव्या देतात, उच्च वर्ण सोडून मुंडकांत गेलात म्हणतात. सुत्ताचे प्रयोजन हे आहे. पुढे येणारी सृष्टिकथा त्या शिव्यांचे उत्तर आहे. स्वयंप्रभ, मनोमय, अंतरिक्षात विहरणारे सत्त्व लोभाने चव घेतात आणि त्यांचा प्रकाश जातो. देह जड होतात, सुरूप आणि कुरूप असा भेद होतो, सुरूप गर्व करतात. रसपृथ्वी जाते, भूमीवर छत्र्यांसारखी पापडी येते, तीही जाते; मग वेल, मग न पेरता पिकणारा, तूस नसलेला तांदूळ. स्त्री-पुरुषभेद येतो, घरे येतात, साठवण येते, आणि साठवण आली की तांदळाला तूस येते. शेते वाटली जातात, चोरी होते, तेव्हा लोक एकत्र येऊन एकाला निवडतात, तो महासम्मत. वर्ण मग शब्दांच्या कोट्यांनी उलगडतात. खेतांचा अधिपती तो खत्तिय. ध्यान न करता ग्रंथ रचीत बसले ते अज्झायक. वेदाध्यायीला मिळालेले हे बिरुद म्हणजे 'ध्यान न करणारा' अशी कोपरखळी आहे, हे पालि जाणणाऱ्यास लगेच कळते. रिचर्ड गॉम्ब्रिच यांनी १९९२ साली हे सुत्त ब्राह्मणी सृष्टिकथांचे विडंबन म्हणून वाचले. त्यांच्या प्रत्येक तपशिलाशी सहमत नसलो तरी दिशा बरोबर आहे, असे मला वाटते.

या कथेत जाती एकीतून दुसरी अशा फुटत नाहीत. कोणाची निवड होत नाही. बदलाचे कारण नैतिक आहे : लोभ, गर्व, साठवण. मुलगी म्हणाली तसा प्रवास खालच्या दिशेचा आहे. अर्थात तिचाही एक गैरसमज होता, आणि त्याला मराठीचा शब्द जबाबदार आहे. 'उत्क्रांती'तील 'उत्' वर चढण्याचा भास करून देतो. ब्रह्मसूत्रांत उत्क्रांती म्हणजे प्राण देहातून निघून जाणे! डार्विनच्या सिद्धांतात वर आणि खाली नाही. वाळवी माणसापेक्षा खालची नाही, तिच्या परिस्थितीत ती टिकलेली आहे.

मग डार्विन या सुत्तात आला कोठून? भाषांतरातून. पालित 'संवट्ट' म्हणजे आवळणे, गुंडाळले जाणे. 'विवट्ट' म्हणजे उलगडणे. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी विवट्टमान लोकासाठी इंग्रजीत 'पुन्हा इव्हॉल्व्ह होणारे जग' असा शब्दप्रयोग केला. त्यांच्या दीघनिकायाचा पहिला भाग १८९९ चा, म्हणजे हा शब्द सर्वतोमुखी असण्याचा काळ. १९२१ च्या तिसऱ्या भागात अग्गञ्ञसुत्ताला बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचे नाव मिळाले. एका शब्दाने डार्विन आत आला, दुसऱ्याने मोझेस. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना तेथे उत्क्रांती दिसली, यात नवल नाही. मजेची गोष्ट अशी की, खुद्द डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात 'इव्होल्यूशन' हे नाम नाही. 'इव्हॉल्व्ह्ड' हे क्रियारूप तेवढे अगदी शेवटचा शब्द म्हणून येते.

येथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, ईश्वरविश्वासावरील प्रकरणात, जग निर्मिलेले नसून विकसित झाले आहे असा बुद्धांचा पक्ष मांडला आहे. मांडला आहे, आणि तो निर्मितीच्या विरुद्ध पक्ष म्हणून अचूक आहे. त्या वाक्याचा भार 'निर्मिलेले नाही' या शब्दांवर आहे. अग्गञ्ञसुत्तात जीवशास्त्र सापडते, असा दावा बाबासाहेबांनी तेथे केलेला नाही. जेथे जीवशास्त्राची गरज होती तेथे त्यांनी जीवशास्त्रच घेतले. पूर्वकर्माने जन्म ठरतो या मताचा परामर्श घेताना मूल गुणधर्म आईबापांकडून घेते, हे आनुवंशिकतेचे ज्ञान त्यांनी पुढे केले. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात, जातीमुळे वंशशुद्धी टिकते असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी बेटसनसारख्या आनुवंशशास्त्रज्ञाचा आधार घेतला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, हे ठासून सांगितले. त्या काळी स्पेन्सरच्या 'जो बलिष्ठ तो टिकतो' या घोषणेतून आणि सुप्रजननाच्या चर्चेतून जातीला नवे शास्त्रीय वस्त्र चढविण्याचे उद्योग चालू होते. डार्विनच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे मान डोलवावयाची नाही, हेही बाबासाहेबांकडूनच शिकावे.

सोयीस्कर समीकरणाचा तोटा आता दिसेल. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू जी. नागेश्वर राव यांनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम दाखवून लोक हे शतकभर सांगत आले आहेत. आपण त्यांना हसतो. मग रसपृथ्वी, पापडी, वेल आणि तांदूळ हा क्रम दाखवून आपण तेच म्हणालो तर त्यांनी आपल्याला का हसू नये? मत्स्यावताराला जीवशास्त्र म्हणणे चूक असेल तर आभस्सर देवांना जीवशास्त्र म्हणणेही चूकच आहे. शिवाय एकदा हे मान्य केले की उद्या कोणी अट्ठकथेतील 'बीजनियाम' पुढे करील. साळीच्या बीजातून साळ, कोद्रवाच्या बीजातून कोद्रव, असा तो नियम. आनुवंशिकतेचे निरीक्षण म्हणून तो चांगला आहे. जीवशास्त्राचा सिद्धांत म्हणून ताणला तर जाती कधीच बदलत नाहीत असे म्हणावे लागेल, आणि मग बुद्ध डार्विनच्या विरुद्ध साक्ष देताना दिसतील! धर्मानंद कोसंबींनी पालि ग्रंथांसाठी आयुष्य वेचले आणि त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे जे सूत्र दिले ते आजही जगभर शिकविले जाते. एका घरात दोन्ही विद्या नांदल्या; एकीला दुसरीचे प्रमाणपत्र लागले नाही.

वासेट्ठसुत्त मात्र पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य, पक्षी यांच्यांत जन्मजात वेगवेगळी चिन्हे आहेत. माणसांत केस, कान, डोळे, ओठ कशातही तशी चिन्हे नाहीत, माणसांतील भेद केवळ नावाचे आहेत, असे तेथे सांगितले आहे. त्या जाती कशा उपजल्या, याविषयी सुत्त काही म्हणत नाही. डार्विन ते सांगतो, आणि मानवाच्या वंशावळीत माणसांचे सर्व वंश एकाच जातीचे असल्याचेही सांगतो. दोघांच्या वाटा निराळ्या आहेत, प्रमाणे निराळी आहेत.

पुढच्या रविवारी वर्गात अग्गञ्ञसुत्त बाजूला ठेवून अस्सलायनसुत्त घेतले. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मणाऱ्या शिंगरास अस्सतर, म्हणजे खेचर, हे वेगळे नाव मिळते; परंतु क्षत्रिय आणि ब्राह्मण यांच्या अपत्यात तसा काही भेद दिसत नाही, हा तेथील युक्तिवाद. मुलीने शेजारच्या मैत्रिणीकडून राज्य मंडळाचे पुस्तक मागून आणले होते. ज्येष्ठ उपासकांनी विचारले, खेचराला पिले का होत नाहीत? ती म्हणाली, "काका, घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराला येतात ६३. त्यांच्या जोड्याच नीट लागत नाहीत." काकांनी चष्मा पुसला आणि वहीच्या समासात, 'अस्सतर' या शब्दाशेजारी, ते तीन आकडे लिहून घेतले.